आरोपी काळा पाइन

जपानमधल्या ११ मार्च २०११ च्या सुनामीबद्दल आपल्याकडे झाडांच्या संदर्भात बोलणं निघालं, की दोन विधानं हमखास पाठोपाठ येतात. पहिलं असं, की रिकुझेनताकाता गावच्या किनाऱ्यावरच्या सत्तर हजार पाइन वृक्षांपैकी एकच उभा राहिला. दुसरं विधान म्हणजे त्यावरून काढलेला निकाल. पाइनचं ते बन माणसानं लावलेलं, एकाच जातीचं, उथळ मुळांचं होतं. लाटेनं ते उपटलं आणि त्याचे ओंडके घरांवर नेऊन आपटले. देवस्थानाभोवतीची रुंद पानांची राई मात्र जागची हलली नाही. सबब किनाऱ्यावर पाइन नको, मियावाकी पद्धतीचं वन हवं. घनदाट वनं लावणाऱ्यांच्या व्याख्यानांत आणि व्हॉट्सअॅपच्या संदेशांत हा निकाल इतका बिनधास्त फिरतो, की त्याविरुद्ध अपील करता येईल असं कुणाच्या मनातही येत नाही. ते अपील इथे करतो.

पहिलं विधान खरं आहे. दुसऱ्यातला काही भाग खरा आहे, आणि म्हणूनच ते खोडायला जरा सविस्तर बोलावं लागणार.

आधी प्रतिपक्षाचं म्हणणं नीट मांडू, कारण तो प्रतिपक्ष साधासुधा नाही. अकिरा मियावाकी (१९२८–२०२१) हे योकोहामा राष्ट्रीय विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ. जर्मनीत राइनहोल्ड ट्यूक्सन यांच्या हाताखाली ते एक प्रश्न विचारायला शिकले: माणसानं हात काढून घेतला, तर या जमिनीवर आपोआप कोणतं रान उभं राहील? जपानमध्ये त्यांना त्याचं उत्तर शिंतो देवस्थानांभोवतीच्या ‘चिंजू नो मोरी’त सापडलं. आपल्या देवरायांशी या राया इतक्या जुळतात, की मराठी वाचकाला मियावाकी पहिल्या भेटीतच घरचे वाटतात. त्या रायांत ताबू, शी, काशी अशी सदाहरित, रुंद पानांची झाडं असतात. तीच दाटीनं, मिसळून लावायची, दोन-तीन वर्षं जपायची आणि मग सोडून द्यायची, ही त्यांची पद्धत. २००६ साली त्यांना ब्लू प्लॅनेट पारितोषिक मिळालं. सुनामीनंतर, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, हा माणूस उद्ध्वस्त किनाऱ्यावर फिरला आणि माजी पंतप्रधान मोरिहिरो होसोकावा यांना सोबत घेऊन त्यानं एक योजना मांडली: राडारोड्याचे उंचवटे करायचे, त्यांवर रुंद पानांची झाडं लावायची आणि तीनशे किलोमीटर लांबीची वनभिंत उभी करायची. पाइनबद्दल ते स्पष्ट बोलत. पाइन उथळ मुळांचा, माणसानं नको तिथे आणलेला, आणि आला तसा वाहून गेला, असं त्यांचं मत होतं.

आता ज्याच्यावर ठपका आहे त्याची ओळख. कुरोमात्सू, म्हणजे काळा पाइन, शास्त्रीय नाव पायनस थुनबर्गी. होन्शू, शिकोकू, क्युशू आणि दक्षिण कोरियाचा किनारा हे त्याचं मूळ घर. साल काळसर, जाड, खवल्याखवल्यांची. सुया दोन-दोनच्या जुडीत, टोचणाऱ्या. हिवाळ्यातली कळी पांढरी, रेशमी. नाव कार्ल पीटर थुनबर्ग या स्वीडिश वैद्याचं. तो १७७५–७६ मध्ये नागासाकीजवळच्या देजिमा बेटावरच्या डच वखारीत होता. गंमत म्हणजे मियावाकींच्या लाडक्या ताबूच्या शास्त्रीय नावातही हाच थुनबर्ग आहे. तेव्हा वंशावळीवरून भांडायचं ठरवलं, तरी दोन्ही बाजूंना एकच पाहुणा निघेल.

काळा पाइन जपानी किनाऱ्यावर उपरा नाही, हे इथे ठासून सांगायला हवं. समुद्रावरचे कडे, खडकाळ भूशिरं, खाडीतली बेटं इथे तो कुणी न लावता उगवतो. मियावाकीसुद्धा हे नाकारत नव्हते. त्यांचा आक्षेप होता तो त्याला सपाट वाळूवर मैलोन्‌मैल पसरवण्याला. पण आपल्याकडे पोचेपर्यंत या आक्षेपाचं ‘पाइन परका, ताबू देशी’ असं सोपं रूप झालं. ते सरळ चूक आहे.

मुख्य मुद्दा मुळांचा. सेंदाईच्या सपाट किनाऱ्यावर पाइन मुळासकट उपटले गेले, हे खरं. छायाचित्रांत त्यांची मुळं ताटासारखी चपटी दिसतात, खाली सोटमूळ नाहीच. पाहणारा म्हणतो, बघा, उथळ मुळांचं झाड. पण काळ्या पाइनला सोटमूळ असतं, आणि निचरा होणाऱ्या वाळूत ते कित्येक मीटर खाली जातं. सेंदाईला ते गेलं नाही, कारण तिथे थोडं खणलं की पाणी लागतं. भाताच्या खाचरांनी आणि कालव्यांनी वेढलेली ती सखल जमीन आहे. मुळांना हवा लागते. पाण्यात बुडालेल्या वाळूत ती मिळत नाही. मूळ पाण्यापर्यंत जातं, तिथे थांबतं आणि आडवं पसरतं. ही पाइनची खोड नव्हे. कोणत्याही झाडाचं मूळ त्या जागी तेच करेल. जिथे जमीन थोडी उंच होती, तिथले पाइन उपटले गेले नाहीत. काही बुंध्यात मोडले, काही उभेच राहिले. एकाच जातीचं झाड दोन जागी दोन तऱ्हांनी वागलं, तर दोष जातीत शोधायचा की जागेत?

जपानच्या वनखात्यानं नेमलेल्या समितीनं फेब्रुवारी २०१२ मध्ये अहवाल दिला. तिचा सल्ला याच निरीक्षणावर उभा होता. नवी झाडं लावण्याआधी भराव घाला, आणि मुळांखाली भूजलाच्या वर दोन ते तीन मीटर मोकळी जमीन राहील असं पाहा. झाड बदला, असं तिनं सांगितलं नाही. जमीन उचला, असं सांगितलं. समुद्राच्या बाजूला पाइन ठेवावा, आणि मागच्या, कमी खाऱ्या, कमी वाऱ्याच्या बाजूला रुंद पानांच्या झाडांचा विचार करावा, हेही त्यात होतं. ‘जपाननं सुनामीनंतर पाइन टाकून दिला’ असं सांगणाऱ्यांनी हा अहवाल वाचलेला नसावा.

आता वनभिंतीकडे पाहा. मियावाकींनी आपली झाडं कुठे लावली? उंचवट्यांवर. मियागी प्रांतातल्या इवानुमा शहरात राडारोडा आणि माती यांच्या टेकड्या घडवल्या गेल्या, त्यांना ‘सहस्रवर्षांच्या आशेच्या टेकड्या’ असं काहीसं नाव दिलं गेलं, आणि त्या टेकड्यांच्या अंगावर रोपं लागली. उंचवटा का? कारण पाण्यात मूळ कुजतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मग तुलना कशाची चालली आहे? टेकडीवरच्या ताबूची, आणि दलदलीच्या काठावरच्या पाइनची. ही तुलना मियावाकींसारख्या शास्त्रज्ञानं करायला नको होती, आणि त्यांच्या शिष्यांनी तर अजिबात नको.

ते आणखी एक उदाहरण देत. तागाजो शहरातल्या एका मोठ्या मॉलभोवती त्यांच्या पद्धतीनं लावलेली झाडं सुनामीनंतरही उभी होती. होती, मान्य. पण ती होती शहरात, किनाऱ्यापासून आत. समोरून येणाऱ्या लाटेची पहिली धडक आणि रस्त्या-इमारतींमधून जोर गमावत आलेलं पाणी यांची ताकद सारखी नसते. देवस्थानांच्या रायांचंही तसंच. त्या टिकल्या, कारण झाडं चांगली होती, आणि शिवाय कारण देवळं बहुतेकदा उंचावर बांधलेली असतात. जुन्या लोकांनी देवाला कोरडी जागा दिली. राईच्या तग धरण्यातला किती वाटा ताबूचा आणि किती त्या चढाचा, हे वेगळं केल्याशिवाय निकाल देता येत नाही.

रिकुझेनताकाताचं काय? ते बन १६६७ मध्ये कान्नो मोकुनोसुके नावाच्या व्यापाऱ्यानं लावायला घेतलं, मागे असलेली भातशेती खाऱ्या वाऱ्यापासून वाचवण्यासाठी. त्या बनानं १८९६ ची सुनामी पाहिली, १९३३ ची पाहिली, १९६० मध्ये चिलीच्या भूकंपानं प्रशांत महासागर ओलांडून पाठवलेली लाटही पाहिली. २०११ ची लाट तिथे पंधरा मीटरच्या आसपास होती. भूकंपानं जमीनच खचली होती, आणि बन ज्या पुळणीवर उभं होतं ती पुळणच बहुतांश वाहून गेली. ज्या झाडाच्या पायाखालची वाळू समुद्रानं नेली, त्याच्या मुळांच्या खोलीवर प्रबंध लिहिण्यात काय हशील? ताबू तिथे असता, तर तोही वाळूबरोबर गेला असता. उरलेल्या एका पाइनला लोकांनी ‘चमत्काराचा एकांडा पाइन’ म्हटलं. साडेसत्तावीस मीटर उंच, पावणेदोनशे वर्षांचा. खाऱ्या पाण्यानं मुळं कुजून तो २०१२ मध्ये मेला. मग देणग्यांतून सुमारे पंधरा कोटी येन जमवून त्याचा बुंधा पोकळ केला, आत आधारासाठी गाभा बसवला आणि २०१३ मध्ये त्याला पुन्हा जागेवर उभं केलं. हा खटाटोप मला फारसा पटत नाही. मेलेल्या झाडापेक्षा जिवंत रोपाला पैशाची जास्त गरज असते. पण त्या गावानं रोपंही लावली, हे सहसा सांगितलं जात नाही. २०१७ ते २०२१ या काळात तिथे चाळीस हजार पाइन लागले. काही रोपं जुन्याच बनातल्या शंकूंच्या बियांपासून वाढवलेली आहेत.

सुनामीच्या मुद्द्यावर सगळ्यात खटकतो तो मापदंडाचा पक्षपात. तारो गावात दहा मीटर उंच, दोन किलोमीटरांहून लांब काँक्रीटची भिंत होती. लाट तिच्यावरून गेली आणि तिचा एक भाग कोसळला. कामाइशीचा खोल समुद्रातला बंधारा २००९ मध्ये पुरा झाला होता. दोन वर्षांत तो मोडला. त्यावरून कुणी सिमेंटचं कूळ काढलं नाही. उलट सुमारे चारशे किलोमीटर भिंती नव्यानं, अधिक उंच बांधल्या गेल्या. पाइन पडल्यावर मात्र त्याच्या स्वभावाची चौकशी सुरू झाली.

आणि पाइननं काहीच केलं नाही, असंही नाही. एकूण ३,६६० हेक्टरच्या आसपास किनारी संरक्षक वनं पाण्याखाली गेली. पण अनेक ठिकाणी त्यांनी लाटेचा जोर कमी केला, पाणी पोचायला उशीर लावला, आणि वाहत आलेल्या वस्तू अडवल्या. आओमोरीतल्या हाचिनोहे इथे बंदरातून सुटलेल्या विसेक नौका पाइनच्या पट्ट्यात अडकल्या. मागच्या वस्तीत घुसल्या नाहीत. उपटलेले ओंडके घरांवर आपटले हे जितकं खरं, तितकंच हेही खरं. पण ओंडक्यांची छायाचित्रं फिरतात. अडलेल्या बोटी फिरत नाहीत, कारण जे झालं नाही त्याचं छायाचित्र निघत नाही.

इथवर मी सुनामीच्या मैदानात भांडलो, कारण आरोप तिथला आहे. पण ते मैदानच चुकीचं आहे. किनाऱ्यावरचं झाड काही पिढ्यांतून एकदा येणाऱ्या लाटेसाठी लावलेलं नसतं. ते रोजच्या वाऱ्यासाठी असतं, आणि वाऱ्याबरोबर येणाऱ्या वाळूसाठी.

जपान समुद्राच्या बाजूला, आकिता आणि यामागाता प्रांतांत, हिवाळाभर सैबेरियाकडून वारा येतो. तो पुळणीची वाळू उचलून शेतात, विहिरींत, घरांत भरतो. सतराव्या-अठराव्या शतकांत तिथे मिठागरांच्या भट्ट्यांसाठी आणि सरपणासाठी किनाऱ्यावरची झाडी तुटली, आणि मोकळी झालेली वाळू गावांवर चाल करून आली. साकाता बंदरातले श्रीमंत व्यापारी होम्मा मित्सुओका यांनी १७५८ पासून पदरचे पैसे घालून तिथे पाइन लावले. आकिताच्या जहागिरीत कुरिता सादानोजो हा कनिष्ठ अधिकारी अठराव्या शतकाच्या अखेरीस याच कामाला लागला. त्याची रीत आजही वाचण्यासारखी आहे. आधी समुद्राच्या बाजूनं गवताचं-पेंढ्याचं कुंपण, त्यामागे विसावलेल्या वाळूत विलोच्या फांद्या, मग गुमीची झुडपं, आणि ती जगली की त्यांच्या आडोशाला पाइन. बिनमजुरीच्या राबणुकीमुळे गावकरी त्याला शिव्याशाप देत. पुढे त्याच्याच नावानं देऊळ बांधलं गेलं. नोशिरो शहराचं ‘वाऱ्याचं पाइनबन’ या कामातून उभं राहिलं.

या माणसांनी पाइन का निवडला? सौंदर्यासाठी नाही. शुभ्र वाळू आणि हिरवा पाइन यांची जोडी जपानी चित्रांत रूढ आहे, आणि नोह नाट्याच्या रंगमंचाच्या मागच्या फळीवरही पाइनच असतो, हे खरं, पण कुरिता काही चित्रकार नव्हता. त्यानं पाइन निवडला, कारण उडत्या वाळूच्या पहिल्या रांगेत उभं राहून जगणारं मोठं झाड दुसरं नव्हतं. जाड मेणचट सुई, तिच्यात खोल बसलेली रंध्रं, आणि मुळांवरच्या बुरशीची साथ. या बुरश्या अन्नहीन वाळूतून पाणी आणि क्षार गोळा करून झाडाला देतात. त्यातली एक, ‘शोरो’ नावाची गोळ्यासारखी बुरशी, कोवळ्या पाइनबनात वाळूखाली मिळते आणि लोक ती आवडीनं खातात. ताबूला सावली, ओल आणि कुजलेल्या पानांची माती लागते. मियावाकी पद्धतीतसुद्धा खड्ड्यात सेंद्रिय माती घालायची आणि वर पेंढा अंथरायचा असतो. तो खर्च टेकडीवर परवडतो. उघड्या पुळणीवर उडती वाळू पेंढ्यासकट रोपं गाडून टाकते.

पाइनबन समुद्राकडून पाहिलं की त्याची युक्ती कळते. पहिल्या रांगेतली झाडं बुटकी, वाऱ्याच्या दिशेनं निजलेली. त्यांच्या मागची थोडी उंच. त्याहून मागची सरळ. वारा या उतारावरून वर चढतो आणि गावाच्या डोक्यावरून जातो. हा उतार कुणी छाटून केलेला नाही. खारा वारा कोवळी टोकं जाळतो, त्यातून तो घडतो. पहिल्या रांगेनं मार खाल्ला म्हणूनच मागची रांग वाढते, आणि तिच्या आडोशाला शेवटी ताबूही येतो. तेव्हा ताबूवाल्यांनी पाइनवर टीका करताना आपल्या झाडासाठी सावली कुणी धरली, हे आठवलं तर बरं.

‘माणसानं लावलेलं म्हणून खोटं जंगल’ हा आरोप मला तत्त्वतःच मान्य नाही. कारात्सूचं ‘इंद्रधनुष्याचं पाइनबन’ साडेचार किलोमीटर लांब आहे. तेरासावा हिरोताका या सरदारानं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला ते लावायला घेतलं. आज त्यात दहा लाखांच्या घरात झाडं असल्याचं सांगतात. चारशे वर्षं जे बन माणसाला आणि वाळूला एकत्र नांदवतं, त्याला खोटं म्हणायचं, तर मग कोकणातली माडाची वाडीही खोटी आणि घाटावरचं भाताचं खाचरही खोटं. २०१३ मध्ये फुजी पर्वत जागतिक वारसा यादीत गेला, तेव्हा सल्लागार संस्थेनं मिहोचं पाइनबन वगळा म्हटलं होतं; पर्वतापासून ते पंचेचाळीस किलोमीटर दूर, त्याचा काय संबंध? समितीनं ते ऐकलं नाही आणि बन यादीत ठेवलं. फुजी पाहण्याची जागा हा फुजीचाच भाग आहे, असा तो निर्णय. जपानी माणसाच्या दृष्टीनं त्यात नवल काही नव्हतं.

आता पाइनवरचा खरा, गंभीर आक्षेप घेऊ. मियावाकीभक्त तो क्वचितच मांडतात, पण मला तोच जास्त छळतो. काळा पाइन सोडून देता येत नाही.

जुन्या काळी गावकरी दाताळं घेऊन बनात जात आणि पडलेल्या सुया चुलीसाठी झाडून नेत. त्यामुळे वाळू वाळूच राहायची, शोरो उगवायची, पाइनची मुळं निरोगी राहायची. १९६० नंतर घरोघर गॅस आला आणि दाताळं बंद झालं. सुया साचल्या, माती झाली, रुंद पानांची झाडं शिरली, आणि अमेरिकेहून आणलेली रोबिनियाची झाडं तर काही ठिकाणी पाइनच्या बोकांडी बसली. त्यातच सूत्रकृमीचा रोग. हा कृमीही उत्तर अमेरिकेतूनच आलेला. सॉयर जातीचा भुंगेरा त्याला एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो आणि एका उन्हाळ्यात झाड लाल होऊन मरतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून पाइन मरत होते, पण खरा गुन्हेगार १९७१ मध्ये ओळखला गेला. १९७९ साली एका वर्षात सुमारे चोवीस लाख घनमीटर पाइनचं लाकूड या रोगानं गेलं. एकाच जातीचं सलग बन असलं, की असा रोग वणव्यासारखा पसरतो. इथे मियावाकींचं म्हणणं शब्दशः बरोबर आहे, आणि ते मी कमी लेखत नाही.

पण त्यातून निष्कर्ष कोणता निघतो? रोगाला तोंड देणाऱ्या झाडांची निवड १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून सुरू झाली. रोगानं उजाड झालेल्या बनांत जी झाडं वाचली, त्यांच्यापासून बी घेऊन रोपं वाढवली गेली. सुनामीनंतरच्या लागवडीत अशी रोपं वापरली गेली. सेंदाईच्या दक्षिणेला नातोरी इथे घरं आणि शेती गमावलेल्या शेतकऱ्यांनीच २०१२ मध्ये रोपवाटिका घातली आणि ओइस्का या संस्थेबरोबर शंभरेक हेक्टरांवर सुमारे तीन लाख सत्तर हजार पाइन लावले. तिथेही अडचणी आल्या. यंत्रांनी दाबून घट्ट केलेल्या भरावात पाणी तुंबलं. निचऱ्यासाठी चर खणावे लागले. म्हणजे समितीनं उंची सांगितली, पण कंत्राटदाराच्या रोलरनं मुळांची वाट पुन्हा बंद केली. हा दोष ज्याला दाखवायचा त्यानं जरूर दाखवावा, मीही दाखवतो. आणि दाटीनं लावलेली रोपं वेळेवर विरळ केली नाहीत, तर ती उंच आणि काडीसारखी होतील. म्हाताऱ्या होत चाललेल्या गावांत ही विरळणी कोण करणार, दाताळं कोण उचलणार, हे प्रश्न नोकरशाहीनं अजून नीट सोडवलेले नाहीत.

मियावाकी पद्धतीचं मोठं आकर्षण हेच की ‘तीन वर्षांनी विसरून जा’. काळा पाइन विसरू देत नाही, आणि जपानी बागवानाला त्यात खोट वाटत नाही. बागेतल्या पाइनचे मे महिन्यात वाढणारे कोवळे मेणबत्तीसारखे कोंब तो बोटांनी खुडतो. हिवाळ्याच्या तोंडावर जुन्या सुया एकेक करून ओरबाडतो, म्हणजे आत ऊन पोचतं. कानाझावाच्या केन्रोकुएन बागेतल्या कारासाकीच्या पाइनला दर वर्षी १ नोव्हेंबरपासून दोरांची छत्री बांधतात, बर्फानं फांद्या मोडू नयेत म्हणून. तो पाइन बिवा तळ्याकाठच्या कारासाकीहून आणलेल्या बीपासून, माएदा घराण्याच्या तेराव्या सरदारानं वाढवला. जे झाड शतकानुशतकं असं हातात वाढलं, त्याला ‘निसर्गावर सोडलं तर टिकत नाही’ म्हणून नापास करणं म्हणजे गाईला ‘रानात सोडली तर दूध देत नाही’ म्हणून हाकलण्यासारखं आहे.

आता आपल्या घरचा प्रश्न, कारण मुळात हा वाद आपल्या घरात त्यासाठीच आणला जातो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकलं आणि सुरूची बनं आडवी झाली. लगेच कुणाला तरी रिकुझेनताकाता आठवलं. सुरू म्हणजे आपला पाइन, तो पडला, म्हणून मियावाकी. या वाक्यात तीन घोटाळे आहेत. सुरू पाइन नाही. त्याच्या ‘सुया’ म्हणजे पेरं पडलेल्या काड्या असतात, आणि कुळानं तो पाइनपासून फार दूरचा. सुरू इथला नाही; १८६० च्या दशकात तो कारवारच्या किनाऱ्यावर आणून लावला गेला आणि तिथून सरपणासाठी पसरला. काळा पाइन मात्र जपानचा स्वतःचा आहे, आणि त्याच्याआधी तिथे गवत, विलो, गुमी लावण्याची शिस्त होती. सुरूची बनं लावताना ती शिस्त कुणी पाळली नाही. उलट पुळणीवरची वेल-झुडपं साफ करून रोपं सरळ रांगेत खोचली गेली. तेव्हा सुरूवर टीका करायला माझी ना नाही. पण तिचा भार काळ्या पाइनच्या डोक्यावर टाकू नका.

आणि सुरूच्या जागी काय, याचं उत्तर कुरिताच्या रांगेत आहे, ताबूच्या यादीत नाही. आपल्याकडे पहिल्या वाळूवर मर्यादवेल आणि रावणाच्या मिशा आपणहून येतात. त्यांच्या मागे निगडी आणि केवडा, त्याहून मागे उंडी, करंज, भेंडी. हा क्रम कोकणच्या पुळणीनं स्वतः लावलेला आहे, आणि जिथे हॉटेलवाल्यांनी खुर्च्या मांडल्या नाहीत तिथे तो अजून पाहायला मिळतो. त्या वेली उपटून, चौकोन आखून, शेणखताचे खड्डे खणून पुळणीवर चौरस मीटरला तीन-चार रोपं लावणारे स्वतःला मियावाकींचे शिष्य म्हणवतात. मियावाकी मात्र प्रत्येक ठिकाणी रोप हातात घेण्याआधी त्या जागेची मूळ वनस्पती शोधायला सांगत, आणि पुळणीवर ती शोधायला खड्डा खणावा लागत नाही.